सात दिवस मागे चालणारी बायको

मी रसायनशास्त्र शिकवते. सांस्कृतिक समितीचं काम माझ्याकडे आलं, कारण ज्या सभेत ते ठरलं तिच्या वेळी मी प्रयोगशाळेत होते आणि नाही म्हणायला हजर नव्हते.

आमचं महाविद्यालय शिरपूरला, बस स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आहे. दर जानेवारीत वाशीमला जिल्ह्याचा युवा महोत्सव होतो आणि प्रत्येक महाविद्यालयाला एकच प्रवेशिका पाठवता येते. आमची प्रवेशिका ठरलेली असायची: स्वच्छतेवरचं पथनाट्य. त्यातले संवाद प्राचार्यांचे, झाडू महाविद्यालयाचे. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची सुचिता त्यात दोन वर्षं होती. पहिल्या वर्षी ती केळीचं साल झाली होती, दुसऱ्या वर्षी प्लास्टिकची पिशवी.

डिसेंबरात एका दुपारी ती प्रयोगशाळेत आली. मी ब्युरेट धुवत होते. ती शेजारी उभी राहिली आणि मी शेवटची ब्युरेट स्टँडला लावेपर्यंत थांबली.

"मॅडम, औंदा मले पिच्चर कराचा हाय," ती म्हणाली. "दहा मिनिटाचा. महोत्सवात औंदापासून घेऊन राह्यले. माहं शेवटचं वर्ष हाय. पिशवी म्हनून नाई जाचं मले कॉलेजातून."

तिच्या हातात दोनशे पानी वही होती. पहिल्या वर्षाच्या मराठीच्या पुस्तकात शंभर वर्षांपूर्वीची एक कथा होती. नवं लग्न झालेला एक माणूस नोकरीसाठी दूर देशी निघतो. बायको त्याला पोचवायला स्टेशनपर्यंत चालत जाते, त्याच्या मागे दहा पावलं, हातात डबा घेऊन. वाटेत गावातली माणसं भेटतात, म्हणून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, बघतही नाहीत. गाडी सुटते तेव्हा ती एकच शब्द म्हणते: सांभाळून. कथा संपते. सुचिताने ती आजच्या काळात आणली होती. नवरा सिकंदराबादला कंपनीत निघालेला, स्टेशन आमच्या जवळच्या जऊळक्याचं. प्रत्येक पानावर एक चौकट काढून कोण कुठे उभं आहे ते पेन्सिलीने दाखवलं होतं. माझ्या विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये इतकी स्वच्छ आकृती मी पाहिलेली नव्हती.

मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "शनिवारी पाच वाजेपर्यंत कलाकारांची नावं आणि पालकांच्या सह्या माझ्या टेबलावर. नसल्या तर पथनाट्य. झाडू तयारच आहेत."

तो सोमवार होता.

कलाशाखेची सगळी मुलं आधीच पथनाट्यात होती. सुचिताच्या हाती फक्त तिचा स्वतःचा वर्ग राहिला: पंधरा मुलगे, तिच्यासकट बारा मुली. कॅमेऱ्यासाठी आदर्श होता. त्याच्याकडे वर्गातला सगळ्यात चांगला मोबाइल होता, आणि सुचिताने विचारण्याआधीच तो ट्रायपॉड घेऊन आला होता.

मंगळवारी मुलींची निवड झाली. प्रयोगशाळेत एकेकीने यायचं, माझा जेवणाचा डबा हातात धरायचा आणि म्हणायचं, सांभाळून. दहा जणींनी तो शब्द रात्री साडेआठच्या मालिकेत म्हणतात तसा म्हटला. एकीने शेवटी हुंदकाही दिला. अकरावी वैभवी. ती आली, डब्याचं झाकण नीट बसलेलं नाही हे तिने पाहिलं, ते दाबून बसवलं आणि दाबता दाबता झाकणालाच म्हणाली, "सांभाळून."

सुचिताने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. अभिनयातलं मला कळत नाही, पण अकरापैकी एक नोंद वेगळी आली की ती कळते.

एक दोष मात्र लगेच समजला. समोर मुलगा उभा केला की वैभवीला हसू यायचं. आदर्शला उभं केलं, हसली. शिपाई भिवाजींना उभं केलं, तर जास्तच हसली.

"डब्याले पाहून बोलतो मी," ती म्हणाली. "मानसाले पाहून नाई होत."

"होईन," सुचिता म्हणाली. "आधी मानूस त भेटू दे."

माणूस बुधवारी भेटायचा होता. सुचिताने तीन मुलगे निवडले होते. पहिला आला, भूमिका ऐकली, बायको कोण ते विचारलं आणि उठला.

"नाई जमत, मॅडम. ते माही बहीन हाय."

"सख्खी?"

"राखीची."

दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्याने तर मोबाइल काढून फोटो दाखवला. फोटोत वैभवी त्याच्या मनगटाला राखी बांधत होती आणि मागे मी टाळ्या वाजवत उभी होते.

"तुमीच त बांधाले लावली, मॅडम," तो म्हणाला. तो तक्रार करत नव्हता. नुसती माहिती देत होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं काय झालं होतं ते. ऑगस्टमध्ये विज्ञान मंडळातर्फे आम्ही बीज-राख्या केल्या होत्या: गाळण कागदाच्या दोन चकत्या, मध्ये मेथीचे दाणे. सण झाल्यावर राखी कुंडीत लावायची, भाजी उगवते. कल्पना माझी. कोणाचंही मनगट रिकामं राहू नये म्हणून मी प्रात्यक्षिकाच्या बॅचसारखं वेळापत्रक केलं होतं. प्रत्येक मुलीने प्रत्येक मुलाला बांधायची, दर दीड मिनिटाला पुढे सरकायचं. बारा गुणिले पंधरा, एकशे ऐंशी राख्या. हजर मुलगे अकरा होते, म्हणून एकशे बत्तीस बांधल्या गेल्या. अठ्ठेचाळीस उरल्या, त्या मी ग्रंथालयामागे पेरल्या. मेथी छान आली होती.

म्हणजे पंचेचाळीस मिनिटांच्या आत मी माझ्या वर्गातल्या सगळ्या संभाव्य नवरा-बायकोंना भाऊ-बहीण करून टाकलं होतं, आणि त्याचे फोटो महाविद्यालयाच्या ग्रुपवर होते.

"चार गैरहजर होते," मी म्हटलं. "त्यांच्यातून बघू."

मी हजेरीपट उघडला. हर्षल: पोटदुखी, अर्ज जोडला आहे. राजू: कारण नाही. आदर्श: गाडी पंक्चर. गणेश: घरगुती अडचण.

"आदर्शकडे गाडी आहे?"

"नाई, मॅडम."

"मग पंक्चर कशी झाली?"

"मॅडम, राखीच्या दिवशी जो पोरगा कॉलेजात येत नाई ना, त्याच्या मनात कोनी तरी असते. तिनं राखी बांधू नाई म्हनून तो येत नाई. हे सगळ्यायले माहीत हाय."

"मला नव्हतं."

"तुमाले सोडून."

मी हजेरीपट मिटला. त्यात हजेरीपेक्षा बरंच जास्त नोंदलं गेलं होतं. कोपऱ्यात आदर्श ट्रायपॉडचा एक स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत होता. तो आधीच घट्ट होता.

गुरुवारी वैभवीच्या वडिलांना, उत्तमरावांना, फोन केला. ते म्हणाले, फोनवर बोलण्यासारखी गोष्ट नाही, मळ्यात या. शुक्रवारी सकाळी मी आणि सुचिता गेलो. मळा गावाबाहेर विहिरीजवळ होता: मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर), वांगी, मिरची. उत्तमराव वाफ्याला पाणी देत होते. त्यांची आई तुळसाबाई बांधावर मेथी निवडत बसली होती आणि वैभवी सांबाराच्या जुड्या बांधत होती. आम्हाला पाहून तिने खाली मान घातली, पण हात थांबवला नाही.

उत्तमरावांनी फावडं टेकवलं. त्यांना सगळं माहीत होतं. कोणी नाही म्हटलं, कोण गैरहजर होतं, कोणाच्या गाडीची पंक्चर.

"मॅडम, तुमी शिकेल मानूस. तुमीच सांगा," ते म्हणाले. "ज्यानं राखी बांधून घेतली तो भाऊ झाला. भावासंगं नवरा-बायकोचं काम कराचं, हे पाप हाय का नाई?"

"हो," मी म्हटलं.

"अन् जो राखीले आलाच नाई, त्याच्या मनात चोर. हाय का नाई?"

"तसं म्हणतात."

"मंग मी सही कोनाच्या नावावर करू?"

त्यांच्या तर्कात मला चूक सापडली नाही. आम्हाला असा मुलगा हवा होता जो भाऊ नाही आणि भाऊ नसलेलाही नाही. गणितात याला रिक्त संच म्हणतात. मी तसं बोलले नाही.

"काका, ते कुठी एकमेकायकडे पाह्यतच नाई," सुचिता म्हणाली. "तो पुढं चालते, हे मांगं चालते. बस."

"मांगं कोन चालते? बायकोच चालते ना?"

"तू कुठी चालू देल्ली होती तुह्या बायकोले मांगं?" तुळसाबाई मेथीवरून मान न उचलता म्हणाली. "वरातीत दर पावलाले मांगं फिरून पाहे. बँडवाल्याले टक्कर देल्ली यानं, मॅडम. ढोल फुटला."

"माय, तू मेथी निवड."

"निवडूनच राह्यली. मेथी हातानं निवडतेत, तोंड मोकळंच हाय."

वैभवीने जुडी तोंडासमोर धरली. सुचिताला मात्र हसू आलं नाही. तिने वही दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मला त्या क्षणी कळलं की उद्या पाच वाजता ही मुलगी पुन्हा पिशवी होणार आहे, आणि त्याला माझी मेथी कारणीभूत आहे.

"गणेशचं काय होतं?" मी विचारलं. "घरगुती अडचण लिहिलं आहे."

सुचिताने एकदम वर पाहिलं. "सुतक, मॅडम. काका, गनेशले सुतक होतं. त्याच्या मनात काई नाई. त्याच्या घरी सन नव्हता."

उत्तमराव थांबले. "कोनता गनेश? रुपाबाईचा? बजारात वांगे इकते तो?"

"हव."

"हव, बराबर हाय. त्याचा आजा राखीच्या चार दिवस आधी गेला. मी खांद्याले होतो." त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग ते बोटांवर मोजू लागले. "आता भाऊ त नाई ना लागत? रुपाबाई माह्या मावशीच्या गावची. पन आडनाव येगळं. कूळ येगळं. देवक..." त्यांनी आईकडे पाहिलं.

"येगळं," तुळसाबाई म्हणाली.

पाचवं बोट मिटलं आणि उत्तमरावांचा चेहरा आधीपेक्षाही वाईट झाला.

"मॅडम, हे त अजूनच बेकार झालं."

"काय झालं?"

"इथं त सोयरीक जमते."

विहिरीवरची मोटर तेवढी चालू होती.

"पाहा ना तुमी," ते म्हणाले. "पोरगा पोरगी नवरा-बायको होऊन फोटोत. आडनाव येगळं, देवक येगळं. हे पिच्चर नाई राह्यलं, मॅडम, हे पत्रिका झाली. उद्या बजारात लोक मले इचारतीन, उत्तमराव, जेवन कधी ठेवलं?"

"गनेश बरा पोरगा हाय," तुळसाबाई म्हणाली. "वजनात दोन वांगे वर टाकते."

"माय."

सुचिता खाली बांधावर बसली. तिने वही उघडली आणि पेन्सिलीच्या चौकटी पाहू लागली. वैभवीच्या सहा जुड्या झाल्या.

"काका," ती म्हणाली, "दोघं एका फोटोत आलेच नाई त?"

"म्हंजे?"

"कथेत हे दहा पावलं मांगं चालते. आपन त्याले चालताना येगळं घेऊ, इले येगळं घेऊ. आज तो चालला, पुढच्या रईवारी हे चालली. त्याच रस्त्यानं. ते जोडलं का पाहनाऱ्याले वाटते, मांगंपुढं चालून राह्यले."

उत्तमराव विचारात पडले. "एका दिवशी बी नाई?"

"एका दिवशी बी नाई."

"मी त तसं बी डब्याकडेच पाह्यतो, बाबा," वैभवी पहिल्यांदा बोलली.

उत्तमरावांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि संमतिपत्र मागितलं. पालकाच्या सहीच्या वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या. मुलगी व सदर मुलगा एका फोटोत येणार नाहीत. एका दिवशी येणार नाहीत. एक जण जऊळक्यात असताना दुसरा शिरपुरात राहील. मग सही केली आणि खाली तारीख टाकली.

शनिवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी प्राचार्यांनी ते वाचलं. "हे संमतिपत्र आहे की फारकत?" त्यांनी विचारलं. पण सही होती.

पहिला रविवार गणेशचा. तो मनाने इतका निर्मळ होता की त्याला भूमिका समजावून सांगताच त्याने विचारलं, "मंग बायको कोन हाय?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच "कोनी बी असो" म्हणाला. त्याची अडचण वेगळी होती. तो लहानपणापासून बाजारात बसलेला. गिऱ्हाइकाने मागून हाक मारली तर ती चुकू नये म्हणून दर दहा पावलांना मागे वळून बघायची त्याला सवय होती. कथेतला नवरा एकदाही वळत नाही.

"गनेश, मांगं नको पाहू," सुचिता म्हणाली.

"नाई पाहत." दहा पावलांनी त्याने पाहिलं.

"काय पाह्यलं?"

"तू हाक मारशीन का म्हनून."

"मी हाक नाई मारत."

"हे सांगाचं ना आधी."

पाचव्या वेळी सुचिताने त्याची बॅग रिकामी केली आणि तिच्यात त्याच्याच घरची बारा किलो वांगी भरली. मग त्याला मान वळवणं जमेना. खांदा खाली, पावलं जड, घर सोडताना माणूस जसा चालेल तसा तो स्टेशनपर्यंत गेला. आदर्शने मागून, बाजूने, नुसत्या चपलांचं, सगळं घेतलं. गाडी दहा वीसला आली. गणेशचा पाय डब्याच्या पायरीवर चढताना घेतला आणि तो तसाच वाशीमला गेला. वांगी तिथे विकून संध्याकाळी परत आला. स्टेशन मास्तरांनी आमच्या पत्रावर शिक्का मारून दिला होता. पिवळ्या रेषेच्या आत यायचं नाही एवढंच बजावलं.

मी माझं काम करत होते. सात दिवसांच्या अंतराने घेतलेली दृश्यं जुळायची तर सावल्या जुळायला हव्यात. जानेवारीच्या सुरुवातीला आठवड्याभरात सूर्याच्या उंचीत फार फरक पडत नाही, वेळ मात्र तीच पाहिजे. गाडी आली तेव्हा मी फलाटावरच्या नळाजवळच्या खांबाची सावली टेपने मोजली. दोन मीटर बारा सेंटिमीटर. ती वहीत लिहिली. कथेत बायको दहा पावलं मागे होती. आमच्या फिल्ममध्ये ती सात दिवस मागे होती.

दुसऱ्या रविवारी वैभवी आली. सोबत उत्तमराव होते. गणेश शिरपुरात असल्याची खात्री त्यांनी निघण्यापूर्वी बाजारात जाऊन स्वतः केली होती. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि केसांना तेल लावून भांग पाडला होता.

"मी कॅमेऱ्यात नाई येत ना?" त्यांनी आदर्शला विचारलं.

"नाई, काका."

"मंग ठीक." त्यांनी खिशातून कंगवा काढून भांग पुन्हा एकदा सारखा केला.

रस्त्यावरचं सगळं चांगलं झालं. वैभवी डबा धरून चालत होती, डब्याकडे बघत होती, आणि डब्याकडे बघणारी बायको पुढच्या माणसाचाच विचार करते आहे असं मोबाइलच्या पडद्यावर खरोखर दिसत होतं. उरला शेवटचा शब्द. गाडी दोन मिनिटं थांबते. दारात नवरा उभा आहे असं समजून तिने गाडी हलताना बोलायचं होतं. त्या दारात कोणीतरी उभं असायला हवं, नाहीतर नजर कुठे ठेवायची ते तिला कळत नव्हतं. दिवसात ही एकच गाडी, म्हणून एकदाच घेता येणार. पुढच्या शुक्रवारी प्रवेशिका पाठवायची होती.

"आदर्श कॅमेऱ्यावर हाय," सुचिता म्हणाली. "मॅडम, तुमी उभ्या राह्यता?"

"ती माझ्याकडे बघून हसेल," मी म्हटलं. वैभवीने ते नाकारलं नाही.

"मी राह्यतो उभा," उत्तमराव म्हणाले. "बापाकडे पाहून बोलन त कोनाले काय म्हनाचं? मले तसं बी वाशीमहून मिरचीचं बियानं आनाचंच हाय." आणि त्यांनी खिशातून तिकीट काढून दाखवलं. तिकीट त्यांनी आधीच, आल्या आल्या काढलेलं होतं. त्यावरची वेळ मी पाहिली.

गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. मी खांबाची सावली मोजली: एक मीटर पंचाहत्तर.

"सदतीस सेंटिमीटरचा फरक आहे," मी सुचिताला सांगितलं.

"मॅडम, सावली कोन मोजन?"

"परीक्षक."

"तुमाले सोडून कोनी नाई मोजत," ती म्हणाली. मी टेप गुंडाळून ठेवली.

उत्तमराव चढले आणि दारात दांडा धरून उभे राहिले. खाली वैभवी, हातात डबा. शिट्टी झाली. आदर्शने सुरू झालं म्हणून बोट वर केलं. गाडी हलली.

वैभवीने वडिलांकडे पाहिलं. ती हसली नाही. इतके दिवस ती ज्या नजरेने डब्याच्या झाकणाकडे बघत होती तीच नजर वर गेली. दारात एक माणूस दांडा धरून उभा होता, पांढऱ्या शर्टात, भांग पाडलेला, आणि त्याची चप्पल पायरीच्या अगदी कडेला होती.

"सांभाळून," ती म्हणाली.

"हव," उत्तमराव मोठ्याने म्हणाले. "बारा वाजता मोटर बंद करजो."

वैभवीने मान हलवली.

गाडी निघून गेली. आदर्शने मोबाइल खाली घेतला. सुचिता रुळांकडे बघत राहिली, मग फलाटावरच्या बाकावर बसली. तिने वहीचं शेवटचं पान उघडलं; तिथे रिकामा फलाट आणि एकटी बाई काढलेली होती. मोटर कुठेही नव्हती.

"पुन्हा घेऊ पुढच्या रविवारी," मी म्हटलं, आणि मग शुक्रवार आठवला.

"पाहून त घे आधी," आदर्श म्हणाला. त्याने तिच्या हातात मोबाइल दिला आणि ऊन लागू नये म्हणून स्वतःच्या दोन्ही हातांनी वर आडोसा धरला. तो तसाच, ती चार वेळा बघेपर्यंत, वाकून उभा होता.

"मॅडम," सुचिता म्हणाली, "आवाज काढून टाकला त?"

आम्ही सोमवारी प्रयोगशाळेतल्या संगणकावर बसलो. 'सांभाळून' आणि 'हव' यांच्यात एक सेकंदापेक्षा किंचित जास्त अंतर होतं. तेवढं पुरलं. 'हव'पासून पुढे आदर्शने गाडीचा खडखडाट चढवला. आता पडद्यावर ती तो शब्द म्हणायची, गाडी वेग घ्यायची, ती दूर जाणाऱ्या दाराकडे बघत राहायची आणि मग, अगदी हळू, एकदा मान हलवायची. जणू दूरच्या माणसाने न बोललेलं काहीतरी तिला समजलं होतं. सुचिताने ते पाहिलं आणि वही मिटली. पुन्हा उघडली नाही.

प्रवेशिका गुरुवारी गेली, एक दिवस आधी. महोत्सवात आमचा दुसरा क्रमांक आला. पहिला कारंज्याकडच्या एका महाविद्यालयाच्या पथनाट्याला मिळाला, विषय स्वच्छता. अकोल्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी सुचिताला व्यासपीठावर बोलावून विचारलं की शेवटी मान हलवण्याची कल्पना कशी सुचली, कथेत तर ती नाही. सुचिता म्हणाली, "शूटिंगमंदी सुचली, मॅडम." हे खोटं नव्हतं. सावल्यांबद्दल कोणी विचारलं नाही.

मग महाविद्यालयाच्या सभागृहात सगळ्या गावासाठी फिल्म दाखवली. उत्तमराव तुळसाबाईंना घेऊन पहिल्या रांगेत बसले होते, तोच शर्ट घालून. गणेश दाराबाहेर उभा होता, कारण तो आत आणि वैभवीही आत असं चालेल की नाही हे संमतिपत्रात स्पष्ट नव्हतं. त्याची पाठ पडद्यावर आली तेव्हा तो बाहेरून ओरडला, "हे बॅगीत वांगे हायत." टाळ्या पडल्या.

लोक पांगल्यावर उत्तमराव माझ्याकडे आले. सुचिता वायरी गुंडाळत होती. त्यांचा चेहरा गंभीर होता. मी तिन्ही अटी मनात पुन्हा तपासल्या. एकही मोडलेली नव्हती.

"मॅडम, पिच्चर चांगला हाय," ते म्हणाले. "पन माहा डायलॉग काहून काटला?"

"तुमचा डायलॉग नव्हता, काका," सुचिता म्हणाली.

"होता ना. मी बोललो ना तिथं. मोटरीचं राहू दे, पन 'हव' त ठेवाचं होतं." ते आता माझ्याकडे वळले, कारण मला तर्क समजतो असं त्यांचं मत झालं होतं. "तुमीच सांगा, मॅडम. मी मोटर बंद कराची सांगतली, म्हनून पोरीनं मान हालवली. माहं बोलनं काटलं अन् तिची मान तशीच ठेवली. मंग तिनं मान कायले हालवली? पाहनाऱ्याले काय समजन?"

"परीक्षकांना समजलं, काका," सुचिता म्हणाली.

"काय समजलं?"

सुचिताने माझ्याकडे पाहिलं. मी प्रोजेक्टरची वायर हातात घेतली आणि ती काळजीपूर्वक गुंडाळू लागले.

"त्यायले मोटरीचं कुठून समजन, बावा," मागून तुळसाबाई म्हणाली. "त्यायच्या घरी नळ असन." मग ती सुचिताकडे वळली. "बाई, पुढचा पिच्चर कधी हाय? याले एखांदं बापाचं काम दे. नाई त हा वर्षभर 'हव' 'हव' करत फिरन."

"बापाचं असन त एका फोटोत चालते," उत्तमराव म्हणाले, आणि खिशातून कंगवा काढला.